भोंग्याच्या पेटीतले दोन ड्रायव्हर

हे मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, गड्या. आणि माझी बायको म्हणजे — मी दुपारी डबा तसाच ठेवून बाहेर मिसळ हाणली, हे ती शर्टाच्या बाहीवरनं ओळखते. तिच्यापासून मी जन्मात एकच गोष्ट लपवू शकलो, ती ही. आईला सांगितलं नाही, कंपनीतल्या दोस्तांना सांगितलं नाही. देवळात गेलो तरी ‘सगळ्यांना सुखी ठेव’ एवढं एका दमात म्हणतो आणि देवानं काही विचारायच्या आत चपला घालतो. मग तुलाच का सांगतोय? कोण जाणे. तू विचारलं नाहीस, म्हणून असेल.

पण एकदम नको. आधी भोंगा सांगतो. भोंगा कळल्याशिवाय माझा नालायकपणा किती खोल आहे ते तुला कळायचं नाही.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. ऊस, दूध डेअरी आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. आमच्याकडं एक रीत आहे — संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि अख्ख्या गावातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत बंद. तेवढ्या वेळात पोरं अभ्यासाला बसतात, बायका उंबऱ्यावर येऊन एकमेकींची विचारपूस करतात, आणि पुरुष — पुरुष साडेआठ कधी होतायत ते बघत बसतात. तुला वाटेल, कोण पाळतंय असलं? पाळतात. सगळे पाळतात. कारण एखाद्याचा टीव्ही चालू राहिला तर ते गावभर होतं, आणि आमच्याकडं एक वेळ पाप केलेलं चालतं, पण गावभर झालेलं चालत नाही.

हा भोंगा वाजवायचे तात्या. आमच्या शेजारच्या घरातले, फौजेतनं निवृत्त झालेले हवालदार. नातं म्हणशील तर काही नाही, पण माझ्या बापापेक्षा जास्त वेळा माझा कान त्यांनीच धरलाय. मला पोहायला त्यांनीच शिकवलं — म्हणजे पाठीला रिकामा डबा बांधला, विहिरीत ढकललं, आणि मी बोंबलायला लागल्यावर वरनं म्हणाले, “ओरडू नगं, पाय मार.” रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाला पालीश मारून घरातनं निघायचे, पंचायतीच्या खोलीचं कुलूप काढायचे आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे राहायचे. एक बटण दाबायला बूट कशाला लागतात? तात्यांना लागायचे. आणि त्यांच्या बटणावर लोक मनगटावरची घड्याळं लावायचे. एकवेळ रेडिओ चुकंल, पण तात्या चुकायचं न्हाईत, असं गाव म्हणायचं.

मग त्या जुन्या भोंग्याची मोटर जळाली आणि ग्रामसभा बसली.

आता आमच्या गावात आळ्या दोन, वरची आणि खालची, म्हणून गटही दोन. वरच्या आळीचे बापू, म्हणजे सरपंचबाईंचे मालक. सरपंच त्या, खुर्चीत हे. खालच्या आळीचे नाना. दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत. बापू म्हणाले भोंगा सांगलीहून आणू, म्हणून नाना म्हणाले कराडहून आणू. दोन्हीकडची माणसं बाह्या सारायला लागली तेव्हा तात्या उठले आणि म्हणाले, “आवं, आपल्याच गावचं पोरगं साताऱ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय. त्याला करू द्या की. भाईरचं कशाला?”

ते पोरगं म्हणजे मी.

आता खरं सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी यंत्रांना लागणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या पेट्या बनवते, आणि माझं काम काय — तर ती पेटी चालू होते का बघायचं आणि वर हिरवं स्टिकर लावायचं. गावात मात्र मला ‘इंजिनेर’ म्हणतात. मी इंजिनेर आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही, हे आहेच. सवय होते रे त्या शब्दाची. नंतर नंतर तर कुणी नुसत्या नावानं हाक मारली की रागच यायला लागतो.

तर मी भोंग्याची पेटी केली. एक छोटा कॉम्प्युटर, त्याच्या मागं अ‍ॅम्प्लिफायर, तिथनं वायर थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला देवळावर, आणि तिथं चार दिशांना चार कर्णे. सात वाजले की पेटी आपली आपणच भोंगा वाजवणार. मग तात्यांनी टेबलावरच्या माईकचं बटण दाबायचं आणि बोलायचं — “सात वाजले. टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांनो, पुस्तकं काढा.” बोलून झालं की बटण बंद. बटण चालू असलं की त्यावर तांबडा दिवा पेटायचा. तेवढं काम मी तात्यांसाठी मुद्दाम ठेवलं होतं. बुटांना निमित्त नको का?

आता माझ्या पापाकडं येतो. — नाही, अजून थोडं लांब आहे. जरा कळ काढ.

कॉम्प्युटरच्या आत सगळ्यात खाली एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या गावातले फौजी काय काय बोलले ते तुझं तूच समज, मला ऐकून ऐकून वीट आलाय. तर हा कर्नल म्हणजे घरातला कारभारी. कुणाला काय द्यायचं, कुणाला कधी उठवायचं, सगळं त्याच्या हातात. आणि त्याच्या हाताखाली ड्रायव्हर — म्हणजे एकेका यंत्राशी बोलणारा एकेक गडी. की-बोर्डशी बोलणारा एक, स्क्रीनशी बोलणारा एक, आवाजाच्या चिपशी बोलणारा एक. असा तयार कर्नल फुकटात मिळतो. तो घातला असता तर समोरचा चहा गार व्हायच्या आत मी मोकळा झालो असतो. पण तयार माल बसवायला इंजिनेर कशाला पाहिजे? माझ्या अंगात आलं. म्हटलं, कर्नल आपण आपल्या हातानं बांधायचा. लागतील तेवढेच ड्रायव्हर वेचायचे, कर्नलच्या पोटात कायमचे घालायचे आणि सगळं एकत्र कंपाइल करायचं. कंपाइल करायचं म्हणजे पीठ मळून भाकरी भाजायची. एकदा भाजली की त्यातलं मीठ परत काढता येत नाही. फायदा काय, तर लाइट गेली-आली तरी पेटी चटदिशी उठते. आणि आमच्याकडच्या लाइटीबद्दल काय बोलायचं?

तर ड्रायव्हर वेचता वेचता आवाजाच्या चिपपाशी आलो आणि बघतो तर एकाच चिपला दोन ड्रायव्हर. एक जुना, एक नवा. शेजारी स्वच्छ सूचना होती, की दोन्ही एकदम घेऊ नका, दोघंही त्याच चिपवर हक्क सांगतात, कुठला तरी एक निवडा. मी ती वाचली. वाचली नाही म्हणायची सोय नाही मला. नीट वाचली, पुन्हा वाचली, मान डोलावली — आणि दोन्ही घेतले.

का? हसू नकोस. अरे, मी ज्या गावात वाढलो तिथं दोघांतला एक निवडायची पद्धतच नाही! आमच्याकडं लग्नपत्रिकेत बापूंचं नाव घातलं की नानांचं घालावंच लागतं, तेही एकाच ओळीत, आणि अक्षरं लहान-मोठी झाली तर पत्रिका परत छापून आणाव्या लागतात. फ्लेक्सवर दोघांची डोकी फूटपट्टीनं मोजून सारखी. शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं तेव्हा रिबन एक आणि कात्र्या दोन. मधला तुकडा खाली पडला तर तो उचलायचा मान कुणाचा, ह्यावरनं पेढे तसेच राहिले. माझ्या स्वतःच्या लग्नात मला दोन फेटे बांधले होते. मिरवणूक अर्ध्यावर आली की वरच्या आळीचा सोडायचा आणि खालच्या आळीचा बांधायचा, असं ठरलं होतं. माझी बायको अजून म्हणते की मी घोड्यावरनं आलो तेव्हा एक बघितला आणि उतरलो तेव्हा दुसराच. आता अशा गावातल्या माणसाला तुम्ही विचारता, जुना पाहिजे की नवा? माझा हात आपोआप गेला रे. म्हटलं, असू द्या, दोघंबी असू द्या. वगळला तर रुसायचा. घेतला तर काय खातोय?

काय खातोय ते सांगतो. पेटी चालू झाली की दोघं एकदम उठायचे आणि चिपकडं पळायचे. आधी पोचेल त्याची चिप. जुना पोचला तर सगळं रीतसर — भोंगा मागच्या भोकातनं बाहेर, अ‍ॅम्प्लिफायरमधनं देवळावर. पण नवा आधी पोचला तर त्याचा संसार वेगळा. तो भोंगा पाठवायचा पुढच्या भोकातनं, जिथं काहीच जोडलेलं नव्हतं. आणि मागच्या भोकातनं, म्हणजे देवळावर, काय पाठवायचा? माईकला जे ऐकू येईल ते. बटण चालू असो नाहीतर बंद असो. त्या बटणाची आणि नव्याची ओळखच नव्हती. मी करून दिली होती ती फक्त जुन्याशी.

साताऱ्यात माझ्या टेबलावर दर वेळी जुनाच जिंकला. मी खूश. पेटीवर हिरवं स्टिकर लावलं आणि गावी घेऊन गेलो.

महिनाभर झकास चाललं. मग एका संध्याकाळी तात्यांचा साताऱ्याला फोन. भोंगा वाजला नाही, आणि बाहेर येऊन बघतात तर देवळावरनं पंचायतीच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतीय. माईकचं बटण तर बंद. मी काय म्हटलं असेल? कॉम्प्युटरवाल्याला देवानं एकच मंत्र दिलाय — बंद करून चालू करा. त्यांनी केलं. ह्या खेपेला जुना जिंकला. भोंगा वाजला, जरा उशिरा वाजला. तात्यांना त्या उशिराचीच एवढी लाज वाटली की माईकवरनं त्यांनी गावाची माफी मागितली.

पुढच्या रविवारी गावी गेलो तेव्हा मी पेटी उघडून बघितली. पेटी उठताना आत काय काय घडलं ते स्क्रीनवर दिसतं. तिथं दोघांची मारामारी ओळीनं लिहिलेली होती. म्हणजे बघ, मला त्याच दिवशी कळलं. मागाहून कळलं असं म्हणून मी सुटणार नाही. एक ड्रायव्हर काढायचा, कर्नल पुन्हा कंपाइल करायचा, एका दुपारचं काम. पण त्या दुपारी सासुरवाडीला मटण होतं. सासूबाईंच्या हातचा तांबडा रस्सा! म्हटलं, पुढच्या रविवारी करू. पुढच्या रविवारी मेव्हण्याच्या पोराचं जावळ निघालं, तिथंही मटण. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा तरी नवस. आमच्या भागात रविवारी काम व्हायचं असेल तर आधी बकऱ्यांनी संपावर जायला पाहिजे.

आणि मग तो दिवस आला.

मी दिवाळीच्या सुट्टीला गावातच होतो. दारात खाटेवर बसून शेंगा फोडत होतो. दिवेलागणीला लाइट गेली, सातच्या जरा आधी आली. आमच्या आईनं टीव्ही बंद केला, समोरच्यांनी केला, आळीभर गप्प झालं. सात वाजले. भोंगा नाही. सगळे आभाळाकडं बघायला लागले. आणि देवळावरनं आवाज आला — कुणीतरी चहा भुरकल्याचा. एवढा मोठा भुरका आमच्या तालुक्यात आजवर कुणी ऐकलेला नाही. चिंचेवरची वटवाघळं उठली.

त्यामागनं आली संगीताची धून, आणि एक बाई रडायला लागली. मालिका! अख्खं गाव नियमानं टीव्ही बंद करून बसलेलं, आणि देवळावरनं चार दिशांना मालिका! आमची आई चूल सोडून अंगणात आली. मी “आई —” म्हणतोय तर ती म्हणाली, “गप रं, ऐकू दे.”

मग बापूंचा आवाज आला. “ह्या सासूला अजून अटक न्हाई व्हय झाली?”

आणि उत्तर आलं ते नानांचं. “बगा तुमी, सूनच आत जाती.”

तुला कल्पना नाही, ह्या दोन वाक्यांनी काय झालं. बापू आणि नाना? एका खोलीत? एका मोबाइलवर? ज्या दोघांपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या बांधावर पाय ठेवत नाहीत, ते दोघं मागच्या दारानं येऊन पंचायतीच्या खोलीत पार्टिशनच्या मागं बसून भजी खात होते. भजी ताजी होती, तेही ऐकू येत होतं. नंतर कळलं की रोजचंच होतं ते. सात ते साडेआठ सगळं गाव घरात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं — दोन वैऱ्यांना चोरून भेटायला ह्याच्याइतकी चांगली वेळ कुठली? मोबाइलचा आवाज पूर्ण सोडलेला, देऊळ गावाच्या त्या टोकाला. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही. आणि मग नाना म्हणाले — हे वाक्य आमच्याकडं आता शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात — “बापू, आपलं भांडान मिटलं तर ही माणसं आपल्या दारात येत्याल कशाला?”

दोघं हसले. पोट धरून हसले.

मी पहिल्या भुरक्यालाच ओळखलं होतं. नवा जिंकला. शेंगा टाकून पळत सुटलो. आणि वाटेत समोरनं कोण पळत आलं? तात्या. इस्त्रीचा शर्ट, पालीश केलेले बूट, धापा टाकत. देवळावरनं काय चाललंय तिकडं त्यांचं ध्यानच नव्हतं, भोंगा वाजला नाही एवढंच त्यांना कळलं होतं. मला बघून म्हणाले, “भोंगा वाजंना! मी देवळात घंटा मारतो, तू पेटी बग!” आणि गेले. त्यांना वाटलं, आता पोरगं आलंय, आता काळजी नाही.

खोलीत शिरलो. माईक टेबलावर होता. त्याचा तांबडा दिवा बंद होता. मी बघितला. माझ्या ह्या दोन डोळ्यांनी बघितला, गड्या — बंद होता. तात्यांनी त्या बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. मी पेटीची वायर उपटली. देवळावरची मालिका थांबली, आणि लांबनं देवळाच्या घंटेचा आवाज आला. तात्या ती जीव खाऊन बडवत होते. सातचा इशारा सातला गेला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. एवढी गर्दी आमच्याकडं मतदानालाही होत नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गावात दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत झालं — हे सगळं तात्यांनी केलं. का? तर यंत्र आल्यापासून भोंग्याचा मान गेला, म्हणून म्हाताऱ्याच्या मनात राग. माईक मुद्दाम चालू ठेवला आणि पळाला. पळताना तर अख्ख्या आळीनं बघितलं होतं! मागं एकदा ती टिकटिक ऐकू आली होती, तीही कुणीतरी आठवून काढली. म्हणाले, ती त्या वेळची तालीम.

तात्या उठले. म्हणाले, “मी बटान दाबलंच न्हाई. दिवा बंद हुता.” एवढंच. फौजी माणूस, त्याला दुसरं वाक्य लागत नाही.

मग बापू माझ्याकडं वळले. “इंजिनेर, तू सांग. बटान न दाबता माईक चालू हुतोय का?”

आता आलो तिथं. आता फिरवत नाही.

काय अवघड होतं, सांग बरं? होतो चालू. माझी चूक आहे. एकाच चिपला मी दोन ड्रायव्हर घातले. एवढंच म्हणायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं, लोक चार दिवस हसले असते, पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी हसले असते. कुणी मला फाशी देणार होतं का? नोकरी जाणार होती का? काही नाही. पण शेजारच्या गावची माणसं तसलीच पेटी करून घ्यायची म्हणून दारात उभी होती. आणि बापूंनी भर सभेत मला ‘इंजिनेर’ म्हणून हाक मारली होती. तो शब्द खाली पडू द्यायला माझा जीव होईना.

मी म्हटलं, “न्हाई होत. मशीन आपल्या मनानं काय करत न्हाई. बटान चालूच असणार.”

बघ हं — ‘होतं’ नाही म्हटलं, ‘असणार’ म्हटलं. ज्या माणसानं मला पोहायला शिकवलं त्याला बुडवतानासुद्धा मी स्वतःपुरता काठ धरून ठेवला होता. किती हुशार मी!

मला वाटलं, तात्या आता येतील आणि सगळ्यांदेखत माझा कान धरतील. धरला असता तर बरं झालं असतं, मी ओरडून सगळं सांगून टाकलं असतं. पण त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. रागानं नाही. एखादा हिशेब जमेना म्हणजे माणूस बघतो तसं. मग सभेला म्हणाले, “पोरगं शिकल्यालं हाय. ते म्हणतंय तर तसंच असंल.” खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, सरळ उभे राहिले, वळले आणि गेले.

त्याच आठवड्यात मी ‘सर्व्हिसिंग’ म्हणून पेटी साताऱ्याला नेली. नवा ड्रायव्हर काढून टाकला, कर्नल पुन्हा कंपाइल केला. एका दुपारीच झालं, मटणाशिवाय. पेटी परत बसवली, आणि त्या दिवसापासून आजवर तिनं एकदाही दगा दिलेला नाही. आणि इथंच माझं खरं कौतुक आहे, गड्या. कारण गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, “बगा, तात्या गेलं आनि भोंगा सुधारला.” मी जे दुरुस्त केलं तेच त्यांच्या विरुद्ध पुरावा झालं. भोंगा जेवढा नीट वाजतो तेवढे तात्या रोज संध्याकाळी नव्यानं खोटे ठरतात. बटण दाबायलाही आता कुणी लागत नाही. सूचना रेकॉर्ड करून घातलीय. बापूंच्या आवाजात सातची, नानांच्या आवाजात साडेआठची.

ते दोघं पुढच्या आठवड्यात परत भांडायला लागले. गावानंही सोयीनं सगळं विसरून आपापला गट धरला. फक्त माझ्या सत्काराला सगळे एकत्र आले. शाल-श्रीफळ. अर्थातच दोन शाली, दोन नारळ. भर उन्हाळ्यात एकावर एक दोन शाली पांघरून, दोन्ही हातांत नारळ घेऊन मी घामानं निथळत बसलो होतो, आणि भाषणं पण दोन्हीकडची सारख्या वेळाची. समोर तिसऱ्या रांगेत तात्या बसले होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. नाकावर आलेला घाम पुसायला माझा हात मोकळा नव्हता, नाहीतर मी नारळाआड तोंड लपवलं असतं.

त्यांनी गाव सोडलं नाही, आजारी पडले नाहीत, कुणाशी भांडले नाहीत. तसलं काही झालं असतं तर मला निदान वाईट वाटून घेता आलं असतं. झालं एवढंच की काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा माझ्या आईला म्हणाल्या, ह्यांचं हल्ली काय कळंना. दाराला कडी लावतात आणि परत येऊन बघतात, खरंच लावली का. विहिरीची मोटर बंद करून घरी येतात आणि अर्ध्या वाटेतनं माघारी जातात. गॅसच्या बटणाला हात लावत नाहीत, म्हणतात तूच बंद कर, तूच बघ. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा फडकवायचा मान गावातल्या निवृत्त फौजींना आळीपाळीनं मिळतो. औंदा तात्यांची पाळी होती. ते नको म्हणाले. मास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाले, माझ्या हातानं कायतरी उलटं व्हायचं.

ज्यांच्या बटणावर गाव घड्याळं लावायचं, ते तात्या.

हे आईनं मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, वय झालं की होतं असं. आणि भात घेतला.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. एसटीतनं उतरून घराकडं चाललो तर तात्या दारात उभे. मला हाक मारली. मी काहीतरी घाई असल्यासारखं केलं, पण त्यांनी जवळ येऊन हात धरला. म्हणाले, “लेका, लय दिस झालं, तुला एक बोलायचं हुतं. त्या सभंत मी दिवा बंद हुता म्हणून हटून बसलो. तुला सगळ्यांदेखत खोट्यात काढलं. आता मी लय इचार केला. पेटल्यालाच असणार त्यो. माझ्याच हातनं दाबलं गेलं आसंल आनि मला कळलं नसंल. तुज्या कामाला मी उगं नाव ठेवलं. मनात धरू नगं.”

रस्त्यावर कुणी नव्हतं. तिथं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, “जाऊ द्या तात्या. मी कवाच इसरलोय. माज्या मनात काय न्हाई.”

माफ केलं मी त्यांना. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी दुसऱ्या हातानंही माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.